खुर्चीचा वारसा आणि कपाटाचा वारसा

महाविद्यालयाच्या आवारात किंवा एखाद्या सार्वजनिक उद्यानात झाडांच्या खोडांवर ठोकलेल्या पत्र्याच्या पाट्या आपण जाता जाता वाचतो. वड, पिंपळ, आंबा यांच्या शास्त्रीय नावांपुढे ‘एल.’ हे एकच अक्षर असते. सागाच्या पाटीवर मात्र ‘टेक्टोना ग्रँडिस’ या नावापुढे ‘एल. एफ.’ अशी दोन अक्षरे आढळतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती पाठ करावी लागतात. पण त्यांच्यामागे एका घराची कहाणी दडलेली आहे, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. ‘एल.’ म्हणजे सजीवांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस. ‘एफ.’ म्हणजे ‘फिलियस’. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ पुत्र. आपल्या रानातील सागाला जगाच्या शास्त्रव्यवहारात जे नाव मिळाले, ते लिनीअसच्या मुलाने प्रसिद्ध केलेले आहे.

या मुलाचे नावही कार्लच. इतिहासाने त्याच्याकडे फारसे आदराने पाहिलेले नाही. थोर पित्याचा सामान्य पुत्र, वशिल्याने प्राध्यापक झालेला, अशीच त्याची ओळख करून दिली जाते. ती सर्वस्वी खोटी आहे असेही नाही. परंतु शास्त्रज्ञाच्या माघारी त्याच्या संग्रहाचे आणि कार्याचे काय करावयाचे, हा जो प्रश्न आज आपल्याकडे घरोघरी उभा राहत आहे, त्याचे उत्तर शोधताना या उपेक्षित मुलाइतका उपयोगी दाखला दुसरा नाही. त्याला वडिलांकडून दोन वारसे मिळाले. एक खुर्चीचा, दुसरा कपाटाचा. पहिल्याने त्याची अपकीर्ती झाली. दुसऱ्याने त्याला सागाच्या पाटीवर अढळ स्थान मिळवून दिले.

थोर पिता, धाकटा पुत्र

मुलगा कार्ल १७४१ साली जन्मला. अठराव्या वर्षी उप्साला विद्यापीठाच्या उद्यानात त्याला निर्देशकाची जागा मिळाली आणि १७६३ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, परीक्षांच्या पायऱ्या न चढता, वडिलांच्या अध्यासनाचा वारस म्हणून त्याची नेमणूक झाली. सहकाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यात नवल नाही. बापाच्या वजनावर मुलाला पद मिळणे हा प्रकार तेव्हाही निंद्यच होता.

नवल आहे ते पुढेच. ज्या बापाने मुलाला खुर्ची मिळवून दिली, त्याच बापाला आपला खरा ठेवा मुलाच्या हाती द्यावा असे वाटत नव्हते. हा ठेवा म्हणजे त्याचा शुष्क वनस्पतिसंग्रह. वाळवलेल्या, दाबलेल्या, कागदांवर चिकटवलेल्या हजारो वनस्पती. मृत्यूपूर्वी दोन वर्षे, १७७६ मध्ये, थोरल्या लिनीअसने पत्नीसाठी एक सूचनापत्र लिहून ठेवले. उंदीर आणि कसर यांपासून संग्रह सांभाळावा, कोणा निसर्गप्रेमी पाहुण्याला त्यातले एकही पान लांबवू देऊ नये, एक हजार डुकाटांहून कमी किमतीला तो विकू नये, असा त्यातील मजकुराचा आशय आहे. शेवटी त्याने असेही बजावले, की मुलाने वनस्पतिशास्त्रात आपल्याला कधी मदत केली नाही, त्याला या विषयाचे प्रेम नाही. म्हणून संग्रह त्याला देऊ नये, एखादा जावई वनस्पतिशास्त्रज्ञ निघाला तर त्याच्यासाठी राखून ठेवावा. शास्त्रज्ञ बापाने मुलाविषयी याहून कठोर अभिप्राय क्वचितच लिहून ठेवला असेल.

१७७८ च्या जानेवारीत लिनीअस निवर्तला. शेवटी संग्रह मुलाच्याच ताब्यात आला. पण तो कोणत्या अवस्थेत आला, हे समजून घेण्यासारखे आहे. १७६६ मध्ये उप्सालात मोठी आग लागली होती. तिच्या धास्तीने लिनीअसने आपला संग्रह गावाबाहेर हामार्बी येथील टेकडीवर मुद्दाम बांधलेल्या एका दगडी इमारतीत हलविला होता. आगीचे भय नको म्हणून त्या इमारतीत शेगडीसुद्धा ठेवली नव्हती. आग टळली, पण ऊब नसल्यामुळे ओल आली. ओलीबरोबर बुरशी, कसर आणि उंदीर आले. ज्याला या विषयाचे प्रेम नाही असे बापाने लिहून ठेवले होते, त्या मुलाने संग्रह उप्सालाला आणला, तो झाडूनपुसून साफ केला आणि नव्याने लावला. इंग्लंडमधील धनाढ्य निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स याने हा संग्रह विकत घेण्याची तयारी दाखविली, तेव्हा मुलाने नकार दिला.

तो एवढ्यावरच थांबला नाही. वडिलांच्या टिपणांत आणि देशोदेशींच्या शिष्यांनी पाठविलेल्या नमुन्यांत पुष्कळ अप्रकाशित सामग्री पडून होती. दक्षिण भारतात तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत काम करणारा कोनिग हा अशाच शिष्यांपैकी एक. त्या सामग्रीत स्वतःची भर घालून मुलाने वडिलांच्या ग्रंथाला पुरवणी तयार केली. ती १७८१ सालाच्या पुरवणीग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. आपला साग शास्त्रात आला तो याच पुरवणीतून. शिसवीच्या ‘डाल्बर्जिया’ या कुळनामापुढेही तीच दोन अक्षरे लागतात.

त्यानंतर मुलगा इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड, डेन्मार्क असा प्रवास करून तेथील संग्रह पाहून आला. कामाला आता कोठे रंग चढत होता. परंतु १७८३ च्या नोव्हेंबरमध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याला मृत्यूने गाठले. तो अविवाहित होता. संग्रह कोणाकडे जावा याची पक्की व्यवस्था झालेली नव्हती. कपाटांचा भार पुन्हा वृद्ध आईवर येऊन पडला.

एक हजार गिनींचा सौदा

आईने संग्रह विकावयाचे ठरविले आणि बँक्सकडे पुन्हा विचारणा झाली. १७८३ च्या डिसेंबरात ते पत्र लंडनला पोहोचले तेव्हा बँक्सकडे न्याहारीला जेम्स एडवर्ड स्मिथ नावाचा चोवीस वर्षांचा वैद्यकाचा विद्यार्थी बसला होता. बँक्सचा उत्साह ओसरला होता. त्याने पत्र स्मिथपुढे सरकविले. स्मिथजवळ पैसा नव्हता. त्याने नॉरिचमधील आपल्या लोकर व्यापारी पित्यामागे लकडा लावून रक्कम उभी केली आणि एक हजार गिनींना सौदा पटविला. सुमारे १४,००० वनस्पती, ३,१९८ कीटक, १,५६४ शिंपले, सुमारे ३,००० पत्रे आणि १,६०० ग्रंथ १७८४ मध्ये जहाजात भरून लंडनला गेले. राजा तिसरा गुस्ताव तेव्हा नुकताच परदेशच्या दीर्घ दौऱ्यावरून परतला होता. जहाज अडविण्यासाठी स्वीडिश युद्धनौका पाठविण्यात आली, अशी कथा पुढे पसरली, तिची चित्रेही निघाली. तिला आधार नाही. राष्ट्राला आपला ठेवा गेल्याचे दुःख झाले म्हणजे ते अशा दंतकथांतून आपले समाधान करून घेते, एवढाच तिचा अर्थ.

चार वर्षांनी, १७८८ मध्ये, स्मिथने लंडनमध्ये लिनीअसच्या नावाने सोसायटी स्थापन केली. १८२८ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या विधवेकडून हा संग्रह घेण्यासाठी सोसायटीला ३,१५० पौंड उभे करावे लागले. त्या कर्जातून ती १८६१ मध्ये मुक्त झाली. कर्ज डोक्यावर असतानाच, १ जुलै १८५८ रोजी, याच सोसायटीच्या सभेत डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरील लेखन प्रथम वाचले गेले. आज हा संग्रह लंडनमध्ये कडेकोट बंदोबस्ताच्या खोलीत, तापमान आणि आर्द्रता यांवर नजर ठेवून जतन केलेला आहे आणि त्याची छायाचित्रे संगणकावर जगातील कोणालाही पाहता येतात.

सुकलेल्या पानांचे एवढे काय मोठे, असा प्रश्न कारकुनी हिशेबाने विचारता येईल. त्याचे उत्तर शास्त्राच्या व्यवहारातच आहे. वनस्पतीचे नाव हे शब्दकोशातील शब्दासारखे नसते. ते एखाद्या प्रत्यक्ष नमुन्याशी किंवा चित्राशी बांधलेले असते. दोन अभ्यासकांत वाद पडला, की हे नाव मुळात कोणत्या झाडाला दिले होते हे पाहण्यासाठी तो मूळ नमुना उघडावा लागतो. नोंदवहीत जसा मूळ दस्तऐवज, तसा शास्त्रात हा नमुना. तो गहाळ झाला तर नाव राहते, पण नावाचा साक्षीदार जातो. टेकडीवरच्या त्या दमट इमारतीत संग्रह तसाच राहिला असता तर आजच्या शास्त्राला किती ठिकाणी अंधारात चाचपडावे लागले असते, याची कल्पना यावरून करता येईल. आणि तो तसा राहिला नाही याचे पहिले श्रेय स्मिथच्या आधी त्या ‘सामान्य’ मुलाकडे जाते. त्याने बँक्सला नकार दिला, साफसफाई केली, नमुने एकत्र ठेवले. म्हणून स्मिथला विकत घेण्याजोगे काही उरले.

मात्र त्याची चूकही तेवढीच स्पष्ट आहे. त्याने कपाट सांभाळले, पण आपल्यानंतर त्याची किल्ली कोणाकडे जाईल याची तजवीज केली नाही. मृत्यू अकाली आला, हे खरे. परंतु मृत्यू वेळेवर येईल असे गृहीत धरून कोणताही संग्रह सुरक्षित राहत नाही.

मायेची कात्री

वारसा केवळ वस्तूंचा नसतो, शब्दांचाही असतो. आणि शब्दांना कसरीपेक्षा मायेचे भय अधिक. लिनीअस सोसायटीत ज्याचे लेखन वाचले गेले त्या डार्विनच्याच घरचे उदाहरण पाहावे. त्याचा मुलगा फ्रान्सिस स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होता. वनस्पतींच्या हालचालींवरील १८८० च्या ग्रंथात त्याने वडिलांना साहाय्य केले होते. १८८२ मध्ये डार्विन निवर्तल्यावर फ्रान्सिसने पत्रे गोळा केली, ती लावली आणि १८८७ मध्ये चरित्र व पत्रव्यवहार यांचे तीन खंड प्रसिद्ध केले. डार्विनविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग या मुलाच्या कष्टाचे फळ आहे.

या खंडांत डार्विनचे आत्मकथनही होते. परंतु धर्माविषयीचे काही परखड परिच्छेद आणि काही व्यक्तींबद्दलची मते त्यातून गाळलेली होती. आई एम्मा श्रद्धावान होती. पतीचे ते शब्द छापले जावेत असे तिला वाटत नव्हते. मुलाने आईचे मन राखले. घरच्या माणसाने असे करावे हे समजण्यासारखे आहे, आणि तरीही ते चूक होते. संपूर्ण आत्मकथन वाचकांपुढे यायला १९५८ साल उजाडावे लागले. ते संपादित करून आणले डार्विनची नात नोरा बार्लो हिने. म्हणजे सत्तर वर्षे जगाने डार्विनचे आत्मकथन म्हणून जे वाचले ते कुटुंबाच्या चाळणीतून आलेले होते. फ्रान्सिसच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगितली पाहिजे. जे छापावयाचे नाही ते घरातून नष्टही झाले नाही. मूळ हस्तलिखित शाबूत राहिले, म्हणूनच नातीला चूक दुरुस्त करता आली. गाळणे हा दोष आहे. जाळणे हा अपराध आहे.

घरचे उदाहरण

हे सारे परक्या मुलखात घडले, आपल्याकडे अशी माणसे कोठे, असे कोणी म्हणेल. त्याने कोसंबी घराण्याकडे पाहावे. गोव्यातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी पाली भाषेच्या आणि बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी घर सोडले आणि त्या ओढीने ते थेट हार्वर्डपर्यंत जाऊन पोहोचले. त्यांचे पुत्र दामोदर गणिती झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. गुणसूत्रावरील जनुकांचे परस्परांतील अंतर काढण्याचे त्यांनी १९४४ मध्ये दिलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. याच गणित्याने प्राचीन आहत नाणी हजारोंच्या संख्येने तराजूत घातली. हातोहाती फिरताना नाणे झिजते आणि झीज मोजता येते, या साध्या निरीक्षणावरून त्यांनी नाण्यांच्या साठ्यांचा कालक्रम लावण्याची वाट दाखविली. पुण्याच्या परिसरातील टेकड्या पायी तुडवून त्यांनी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे वेचली, आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. २९ जून १९६६ रोजी ते वारले तेव्हा वयाची साठीही उलटलेली नव्हती.

त्यांच्या कन्या मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी वडिलांच्या गणिताच्या खुर्चीवर कधी हक्क सांगितला नाही. स्वतःचा विषय निवडला, स्वीडनमध्ये डॉक्टरेट मिळविली, मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राचे संचालकपद सांभाळले, पंडिता रमाबाईंवर मोलाचे काम केले. आणि हे सर्व करीत असतानाच घरच्या कपाटाकडेही त्या वळल्या. आजोबांचे निवडक लेखन २०१० मध्ये आणि ‘निवेदन’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र २०११ मध्ये त्यांनी इंग्रजीत आणले. त्यानंतर वडिलांविषयीचा ग्रंथ संपादित केला. त्यात कोसंबींचे अपरिचित पैलू आणि अभ्यासकांनी केलेले त्यांच्या कार्याचे मूल्यमापन एकत्र आहे. वडिलांवर ग्रंथ काढताना कन्येने आरतीसंग्रह काढला नाही, अभ्यासकांना पाचारण केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे मला जे म्हणावयाचे आहे ते आता स्पष्ट व्हावे. आपल्या समाजात वारसा या शब्दाचा अर्थ फार लवकर खुर्चीकडे सरकतो. डॉक्टरांच्या मुलाने दवाखाना चालवावा, संस्थाचालकाच्या मुलाने संस्थेवर बसावे, प्राध्यापकांच्या मुलाला त्यांच्याच विभागात चिकटवून घ्यावे, याला आपण ‘नाव राखले’ असे म्हणतो. दुसरीकडे, ज्याच्यावर ते नाव उभे होते ती टिपणवह्यांची, नमुन्यांची, पत्रांची, काचपट्ट्यांची कपाटे मात्र तेराव्यानंतर रद्दीच्या तराजूत जातात. खुर्ची ही वडिलांची नव्हतीच. ती समाजाची होती आणि तिच्यावर योग्य माणसाचा हक्क होता. कपाट मात्र घरात होते आणि त्याची जबाबदारी घरावर होती. ज्यावर हक्क नाही ते मागावयाचे आणि जे कर्तव्य आहे ते टाकावयाचे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

मुलांवर अन्याय होऊ नये, हेही तितकेच खरे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार कपाटे कोठे ठेवायची? नोकरीसाठी परगावी, परदेशी गेलेल्या मुलीने वडिलांच्या वह्यांसाठी संसार मोडावा काय? मुळीच नाही. वारसाचे काम जन्मभर पहारा देण्याचे नाही. ते तीन गोष्टींपुरते मर्यादित आहे. संग्रह फोडू नये. निवडक चांगले तेवढे ठेवून बाकीचे फेकण्याचा मोह टाळावा, कारण काय चांगले हे पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक ठरवील. त्याला कात्री लावू नये; वडिलांच्या चुका, भांडणे, फसलेले प्रयोग हीसुद्धा शास्त्राची सामग्री आहे. आणि वेळेवर तो योग्य हाती सोपवावा. धाकट्या लिनीअसने पहिली गोष्ट केली, तिसरी राहून गेली. फ्रान्सिस डार्विनने दुसरीत कुचराई केली. त्यांच्या चुका शिकण्यासाठी आपल्यापुढे आहेत.

सोपविण्याचे काम खुद्द संग्राहकानेच सुरू केले पाहिजे. प्रत्येक नमुन्यावर स्थळ, तारीख आणि आपले नाव लिहिलेली चिठ्ठी, संपूर्ण संग्रहाची एक यादी आणि इच्छापत्रात संस्थेचा स्पष्ट उल्लेख, एवढ्याने अर्धे काम होते. चिठ्ठी नसलेले पान म्हणजे पालापाचोळा. बापाच्या मनातील यादी बापाबरोबरच जाते. मुलाच्या हाती मग नुसत्या पेट्या उरतात.

उरलेले अर्धे काम संस्थांचे आहे. महाराष्ट्रात जागा नाहीत असे नाही. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे, १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम मंडल आहे. परंतु या मोजक्या संस्थांनी प्रत्येक तालुक्यातील निवृत्त शिक्षकाच्या पेट्या कोठवर उचलाव्यात? प्रत्येक विद्यापीठात अशी एक खोली, एक नोंदवही आणि एक जाणकार माणूस असावा, ही मागणी अवाजवी नाही. देणगी आणून देणाऱ्याला पोच मिळावी, यादीची प्रत मिळावी आणि वर्षभराने तो पाहावयास आला तर पेटी बंदच असल्याचे दृश्य त्याला दिसू नये. नव्या इमारतींच्या कोनशिलांवर जेवढा खर्च होतो त्याच्या अंशात हे काम होईल. स्वीडनजवळ राजा होता, विद्यापीठ होते, सारे काही होते; पण वेळेवर दार उघडणारे कोणी नव्हते. म्हणून त्यांच्या थोर सुपुत्राची चौदा हजार पाने आज परदेशात आहेत.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना उद्यानात न्याल तेव्हा सागापाशी क्षणभर थांबा आणि त्या दोन अक्षरांचा अर्थ त्यांना सांगा. ज्या मुलाला संग्रह देऊ नका असे बापाने लिहून ठेवले होते, त्यानेच उंदरांपासून आणि कसरीपासून तो राखला, हेही सांगा. आणि घरी गेल्यावर आजोबांच्या जुन्या ट्रंकेत काय आहे, ते एकदा उघडून पाहायला सांगा.